हार्बर म्हणजे काय, बाई?

तीस-एकतीस वर्षे मी सातारा जिल्ह्यातल्या शाळांतून इंग्रजी शिकवले. मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या बाईने इंग्रजी शिकवायचे हा त्या काळचा सर्रास रिवाज होता. शब्दार्थाची वही माझ्या वर्गात सक्तीची असे. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी, मध्ये पट्टीने मारलेली रेघ. त्या वहीत 'हार्बर' या शब्दासमोर मी दरवर्षी एकच अर्थ लिहून दिला, बंदर. आता खटाव-माणकडच्या मुलांनी बंदर कुठे पाहिलेले असणार? पण निम्म्या वर्गाचे वडील नाहीतर चुलते मुंबईला माथाडी. त्यामुळे मागच्या बाकावरून एखादा हात हमखास वर यायचा, "बाई, हार्बर लाईन! कुर्ल्याला गाडी बदलायची." वर्ग हसायचा, मी पर्ल हार्बरची गोष्ट सांगायचे आणि पुढच्या शब्दाकडे वळायचे.

हाच शब्द क्रियापद म्हणूनही वापरतात हे मला ठाऊक होते. पण ते परीक्षेत यायचे नाही, म्हणून वहीतही आले नाही. माझ्या हातून झालेल्या अशा चुका मोजायला बसले तर दिवस पुरायचा नाही. असो.

नात पुण्याला कायद्याच्या पहिल्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात तिने फोन करून विचारले, "आजी, हार्बर करणे याला मराठीत एकच शब्द सांग ना. लपवणे चालेल का?"

"नाही चालणार," मी म्हटले. जरा जोरातच म्हटले असणार, कारण ती क्षणभर गप्प झाली. तिला काय माहीत की याच एका शब्दावरून मी चव्वेचाळीस वर्षांपूर्वी माझ्या आजीची बोलणी खाल्ली आहेत.

आधी शब्दाचे बघू. लपवणे या एका अर्थाभोवती इंग्रजीत बरीच क्रियापदे आहेत. हाईड हे आपले रोजचे. कन्सील म्हटले की त्यात जाणूनबुजून केल्याचा वास येतो. सिक्रीट हे तर मजेशीर, ग्रंथीतून रस स्रवतो त्यालाही तोच शब्द आणि कागद दडवून ठेवला त्यालाही तोच. आपल्याकडेही कमी नाहीत. लपवतो ते डोळ्यांपासून. दडवतो ते खोल, सहजी हाताला लागू नये म्हणून. झाकतो ती बहुधा लाज. दडपतात ती प्रकरणे. एखाद्याची चूक पोटात घालतो ती माया म्हणून, आणि पाठीशी घालतो ते मात्र बऱ्याचदा चुकीचे असते. बायका पदराखाली घेतात. हे सगळे शब्द एकमेकांच्या जागी टाकून बघा, वाक्य लगेच लंगडते.

हार्बर या क्रियापदाचा मूळ अर्थ लपवणे हा नाहीच. जुन्या इंग्रजीत 'सैन्याचा निवारा' अशा अर्थाच्या जोडशब्दापासून तो आला. पुढे कुणाही वाटसरूच्या मुक्कामाच्या जागेला लागला आणि मग जहाजांच्या मुक्कामाला, म्हणजे बंदराला. तेव्हा मी मुलांना सांगितलेला अर्थ हा त्या शब्दाचा नातू म्हणायचा, आजा वेगळाच होता. इंग्रजीत मनात राग, संशय, आकस धरणे यालाही हार्बरच म्हणतात. आपण म्हणतो राग बाळगणे, संशय बाळगणे. मला बाळगणे हा शब्द त्या जागी फार चपखल वाटतो, नुसते असणे नव्हे तर आत ठेवून त्याला खाऊपिऊ घालणे.

खाऊपिऊ घालणे हे मी उगाच म्हटले नाही. नातीने फोनवरच भारतीय दंड संहितेतली व्याख्या वाचून दाखवली आणि मी खुर्चीत सरळ होऊन बसले. कलम २१२, गुन्हेगाराला हार्बर करणे किंवा दडवणे. म्हणजे कायद्याने ही दोन क्रियापदे शेजारी शेजारी पण वेगळी ठेवली आहेत. आणि कलम ५२-अ मध्ये हार्बर म्हणजे काय काय ते दिले आहे. माणसाला निवारा, अन्न, पेय, पैसा, कपडे, शस्त्रे, दारूगोळा किंवा वाहन पुरवणे, किंवा पकडले जाऊ नये म्हणून कोणत्याही प्रकारे मदत करणे. हे ५२-अ कलम संहितेत घातले गेले ते १९४२ साली. व्याख्या त्याआधीही दुसऱ्या कलमात होती, तेव्हा ऑगस्टच्या चळवळीशी तिचा संबंध जोडायचा मोह मी टाळते. पण साल वाचून अंगावर काटा आला हे खरे. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिथेही हा गुन्हा कायम आहे, फक्त कलमाचा आकडा २४९ झाला. मराठीत 'आसरा देणे' असे म्हणतात, असे नात म्हणाली.

तर सरकारच्या लेखी भाकरी वाढणे हा गुन्हा होता. पाणी देणे हाही. ज्याला वाढली त्याचा गुन्हा फाशीच्या शिक्षेचा असेल तर वाढणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत तुरुंग, जन्मठेपेचा असेल तर तीन वर्षांपर्यंत. अपवाद एकच, नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला आसरा दिला तर तो गुन्हा धरत नाहीत. आईला मात्र ही सूट नाही. पोरगा रात्री दार वाजवील आणि आई दार उघडील, तर आई गुन्हेगार. हा कायदा लिहिणाऱ्यांना घर म्हणजे नवराबायको एवढेच ठाऊक होते की काय कोण जाणे!

आता कुणी म्हणेल, हे सगळे आत्ता कशाला. तर आमच्या भागाचा इतिहासच या एका क्रियापदावर उभा आहे म्हणून.

तरुण वाचकांसाठी थोडे सांगते. तेव्हाचा सातारा जिल्हा म्हणजे आजचा सातारा आणि आजच्या सांगलीतला वाळवा, तासगाव वगैरे मोठा भाग. १९४९ मध्ये त्यातून दक्षिण सातारा जिल्हा निघाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. १९४२ मध्ये सांगली हे पटवर्धनांचे संस्थान होते आणि औंधच्या संस्थानाचे तुकडे कुंडल, आटपाडी असे इकडे-तिकडे विखुरलेले होते. ऑगस्टमध्ये 'चले जाव'चा ठराव झाला. सप्टेंबरमध्ये तासगाव, वडूज, इस्लामपूर अशा ठिकाणी कचेऱ्यांवर मोर्चे गेले. ९ सप्टेंबरला वडूजला गोळीबार झाला, नऊ जण गेले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरलाही गोळ्या चालल्या. मग मोर्चे थांबले आणि माणसे दिसेनाशी झाली. १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावाने प्रतिसरकार चालले, तुफान सेना उभी राहिली, शेणोलीला रेल्वे लुटली गेली. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. हे सगळे पुस्तकांत आहे. नाना पाटील १९४६ पर्यंत पोलिसांच्या हाती लागले नाहीत, हेही आहे.

पण लागले नाहीत म्हणजे काय? शेकडो माणसे तीन-साडेतीन वर्षे भूमिगत होती. भूमिगत म्हणजे काही कुणी जमिनीखाली राहत नव्हते. रोज रात्री कुणाच्या तरी सोप्यात, माळ्यावर, उसाच्या फडात होती. रोज दोन वेळा कुणीतरी जेवायला घालत होते. एक माणूस वर्षभर भूमिगत राहायचा तर सातशे वेळा कुणीतरी चूल पेटवायला हवी. हिशेब करून बघा. पुस्तकात त्या चुलीला एक ओळ असते, 'जनतेने कार्यकर्त्यांना साथ दिली' अशी.

माझे आजोळ कृष्णाकाठचे, वाळवा तालुक्यातले. १९४४ च्या पावसाळ्यात थोरली मावशी पहिल्या बाळंतपणाला आली होती. आई तेव्हा दहा-अकरा वर्षांची. पुढचे तिने पाहिलेले आणि मला अनेकदा सांगितलेले. एका रात्री दोघांनी एका पोराला धरून आणले. विशी-बाविशीचा, पायाला जखम, अंगात ताप. आणणारे म्हणाले, चार दिवस ठेवा. आजोबांनी आजीकडे पाहिले. आजी म्हणाली, आधी आत घ्या, दारात भिजतंय. एवढीच चर्चा झाली.

चार दिवसांचे अकरा झाले, कारण नदीला पूर होता आणि नाव बंद होती. पलीकडे कुंडलची बाजू, म्हणजे औंधची हद्द. तिथे इंग्रजांच्या पोलिसांना सरळ घुसता येत नसे. सहाव्या की सातव्या दिवशी फौजदार आला, बरोबर तीन-चार पोलीस. त्यांनी कणग्यांत काठ्या खुपसल्या, कडब्याच्या गंजीत खुपसल्या, माळ्यावर चढून बघितले. राहिली बाळंतिणीची खोली. आजी उंबऱ्यावर उभी राहून एवढेच म्हणाली, आत वल्ली बाळंतीण हाय. पोलीस आपल्याकडचेच, त्यांच्या घरीही आया-बहिणी. सोयराच्या खोलीत कोण शिरणार? ते परत गेले. पोरगा आत बाजेखाली गोधड्यांच्या गठ्ठ्यामागे होता. खोलीत ओव्याची धुरी कोंडलेली. त्याला खोकला येऊ नये म्हणून मावशीने गोधडीचे टोक त्याच्या तोंडात कोंबले होते. आई सांगायची की पोलीस गेल्यावर मावशी रडली ती भीतीने नाही. आपल्या पाच दिवसांच्या लेकराच्या खोलीत परका तापकरी माणूस आणून ठेवला म्हणून ती आजीवर चिडली होती. पुढे दोन दिवस आईशी बोलली नाही. (ते लेकरू म्हणजे आमचे मावसभाऊ. आज ऐंशी ओलांडली आहे आणि मी लिहिलेले ते नेमाने वाचतात. दादा, यात काही चुकले असेल तर कळवा.)

पूर ओसरला, नाव सुरू झाली. आजीने त्याला आजोबांचा सदरा दिला, भाकऱ्या बांधून दिल्या, आठ आणे दिले आणि नावाड्याला सांगितले. आता कायद्याची ती यादी पुन्हा काढून बघा. निवारा, अन्न, पेय, पैसा, कपडे, वाहन. शस्त्रे आणि दारूगोळा सोडून माझ्या अडाणी आजीने सगळी यादी पुरी केली होती.

आता १९८१ सालाकडे येते. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, १९७२ मध्ये केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतनाची योजना काढली होती. १९८० मध्ये ती बरीच सैल केली, उत्पन्नाची अट काढली. गावोगाव लोक फॉर्म भरू लागले. मामांच्या मनात आले की आजीचाही भरावा. मी शिकलेली, तेव्हा लिहायचे काम माझ्याकडे. चळवळीतला सहभाग सांगा असे होते तिथे मी छान अक्षरात लिहिले, 'भूमिगत कार्यकर्त्यास घरात अकरा दिवस लपवून ठेवले.' आणि अंगठा घेण्याआधी तिला वाचून दाखवले.

"लपिवलं?" आजी म्हणाली. "लपिवलं म्हंजी? त्यो काय चोराचा माल व्हता?"

मी म्हटले, "अगं, तसंच म्हणतात."

"तू म्हण. म्या काय लपिवलं न्हाय. आल्याल्या मानसाला ठिवून घेतला. जेवाय वाढलं."

मी शब्दाचा अर्थ समजावू लागले. शिक्षक माणसाची खोड. ती ऐकेना. म्हणाली, पोलिसास्नी सांगितलं न्हाय, त्ये निराळं. दार उघडलं त्ये निराळं. दोन्ही एकाच शब्दात कसे घालतेस, असे तिचे म्हणणे होते. मला त्या वेळी तो हट्ट वाटला. शेवटी मी खाडाखोड करून 'ठेवून घेतले' असे लिहिले, मगच तिने अंगठा दिला. पंचेचाळीस-पन्नास शब्दार्थ-वह्या तपासणाऱ्या मला त्या दिवशी कळले नाही की तिने कायद्याच्या पुस्तकाइतकाच बारीक फरक केला होता. कायद्यातही हार्बर वेगळे आणि कन्सील वेगळे, हे नातीच्या फोनमुळे आता कळते आहे.

मामा फॉर्म घेऊन कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने कागद उलटसुलट पाहून तीन प्रश्न विचारले. तुरुंगवास किती? नाही. वॉरंट किंवा बक्षीस होते का? नाही. घरदार जप्त झाले का? नाही. "मग आजीबाईंनी केलं काय?" मामा सांगायचे की तो उर्मट नव्हता, अगदी खरोखर विचारत होता. फॉर्ममध्ये बसण्यासारखे काहीच नव्हते. तो कागद परत आला.

योजनेचे निकष मी नंतर नीट वाचले. तुरुंगवास किमान सहा महिने, स्त्रियांना तीन. भूमिगत असाल तर सहा महिन्यांहून जास्त, आणि फरारी म्हणून जाहीर केलेले, किंवा पकडून देण्यास बक्षीस लागलेले, किंवा स्थानबद्धतेचा हुकूम निघून बजावता न आलेले. मालमत्ता जप्त झालेले, नोकरी गेलेले. प्रत्येक ठिकाणी पुरावा हवा, आणि तो पुरावा शेवटी इंग्रजांच्या पोलिसांनी, तुरुंगांनी, कोर्टांनी केलेला कागद. कागद नसला तर दुसऱ्या नावाजलेल्या सैनिकाचे प्रमाणपत्र चाले, पण तेही याच निकषांपुरते. थारा देणाऱ्यासाठी रकानाच नव्हता.

माझा राग त्या कारकुनावर नाही आणि पैशांसाठीही नाही. खोटे फॉर्म किती आले आणि कितीजण आयत्या वेळी सैनिक झाले हे आम्ही सगळ्यांनी पाहिले आहे, पुरावा मागायलाच हवा होता. माझे म्हणणे एवढेच आहे की पुराव्याची ही पद्धत मुळातच उलटी बसली. जिने थारा देऊन चूक केली, जिच्याकडे माणूस सापडला, तिच्या नावावर खटला झाला, म्हणजे कागद झाला. जिने काम चोख केले तिच्याकडे कागद कुठून येणार? पोलीस रिकाम्या हाताने परत गेले याची नोंद कोण करतो? फौजदाराने डायरीत लिहिले असलेच तर 'झडती घेतली, काही मिळाले नाही' असे लिहिले असेल. आजीच्या स्वातंत्र्यलढ्याचा सरकारी पुरावा म्हणजे तेवढे वाक्य, 'काही मिळाले नाही'.

आणि यातली खरी बोचणारी गोष्ट ही की परक्या सरकारने तिच्या कामाला कृती मानले होते. भाकरी देणे ही राज्याला धोका पोचवणारी गोष्ट आहे एवढे त्यांना कळत होते, त्यासाठी त्यांनी क्रियापद शोधले, त्याची व्याख्या केली, शिक्षा ठरवली. आपले राज्य आले तेव्हा तेच काम आपण 'साथ दिली', 'सहकार्य केले' अशा गुळमुळीत शब्दांत बुडवले. म्हणजे गुन्हा म्हणून ते मोजण्यासारखे होते आणि सेवा म्हणून नव्हते!

सगळ्यांनीच हौसेने दारे उघडली असेही मला म्हणायचे नाही. रात्री बाराला चार दांडगे गडी दारात उभे राहिले तर नाही म्हणण्याची सोय किती जणांना होती? प्रतिसरकारच्या नावावर लूटमार करणाऱ्या टोळ्याही फिरत होत्या, त्यांचा बंदोबस्त प्रतिसरकारलाच करावा लागला. फितूर होते. नुसती भीती होती. खुद्द नाना पाटलांचे घर आणि जमीन सरकारने जप्त केली तेव्हा त्या कुटुंबाला उघड मदत करायला गावातले लोक धजत नव्हते, हे त्यांच्या कन्या हौसाताईंनी सांगितले आहे. आजीलाही विचारले होते मी, भीती वाटली नाही का? ती म्हणाली, वाटली की, रोज वाटायची. पुढे काही नाही, कणीक मळत राहिली.

त्याच वर्षांत जगाच्या दुसऱ्या टोकाला हॉलंडमध्येही लोक परक्या माणसांना माळ्यावर, भिंतीमागे ठेवत होते. ॲन फ्रँकचे नाव तर शाळकरी मुलांनाही माहीत असते. डच भाषेत तेव्हा अज्ञातवासात गेलेल्या माणसाला 'पाण्याखाली बुडी मारलेला' अशा अर्थाचा शब्द आहे. आपला भूमिगत त्याचाच भाऊ म्हणायचा. इस्रायलमधली याद वाशेम ही संस्था १९६३ पासून ज्यूंना वाचवणाऱ्या ज्यूंखेरीज इतर माणसांचा सन्मान करते. नावे आता २८ हजारांवर गेली आहेत. त्यांत शेतकरी, मोलकरणी, नर्सा, शाळामास्तर, कोण कोण आहेत. तिथे पुरावा मुख्यतः कोणाचा धरतात? जो वाचला त्याचा. त्याने सांगायचे की मला या घरात ठेवले होते. मला ही पद्धत फार शहाणपणाची वाटते. पोलिसांकडे नसलेली नोंद जेवलेल्या माणसाकडे असते.

आपल्याकडेही हे काम कुणीच केले नाही असे नाही. पी. साईनाथांच्या २०२२ मध्ये आलेल्या 'द लास्ट हीरोज' या इंग्रजी पुस्तकात बंगालमधल्या पुरुलिया जिल्ह्यातल्या भवानी महातो आहेत. आपला स्वातंत्र्यलढ्याशी काय संबंध, आपण फक्त रांधले, असे त्या म्हणत. रांधले ते चळवळीतल्या माणसांसाठी. वाचताना मला सारखी आजीच ऐकू येत होती. 'म्या काय लपिवलं न्हाय, जेवाय वाढलं.' साईनाथांनी आमच्या भागातलीही माणसे गाठली. कडेगाव तालुक्यातल्या रामापूरचे गणपती यादव प्रतिसरकारचे निरोपे होते, निरोप आणि भाकऱ्या घेऊन मैलोन् मैल चालत जायचे. पण त्या भाकऱ्या कुठल्या चुलीवरच्या हे त्यांच्यानंतर आता कोण सांगणार? १९४४ ची बाळंतीण आज असती तर शंभरीला टेकली असती. पेन्शनचा प्रश्न कधीच मिटला, घेणारे कुणी उरले नाही.

घरे मात्र अजून आहेत. निदान काही आहेत. २००५ च्या आणि २०१९ च्या पुरात कृष्णाकाठची मातीची घरे बरीच गेली, आमच्या आजोळची बाळंतिणीची खोलीही २००५ लाच बसली. पण कुठल्या आळीत कुठले घर होते हे गावात पंधरा-वीस जणांना अजून सांगता येते. गावोगावच्या चौकांत हुतात्म्यांची नावे कोरलेली आहेत, ती असायलाच हवीत. त्याखाली थाऱ्याची घरे अशी चार ओळींची यादी का असू नये? माणसाचे नाव नको, मानपान नको, ताम्रपट नको, घराचे नाव पुरे. ग्रामपंचायतीने मनावर घेतले तर एका ग्रामसभेचे काम आहे. वाद होतील, आमचेच घर पहिले म्हणून भांडणे होतील, होऊ देत. भांडणाच्या निमित्ताने चार गोष्टी तरी बाहेर येतील.

नातीला शेवटी मी 'थारा देणे' हा शब्द सांगितला. तिला तो आवडला, पण परीक्षेत आसरा असेच लिहावे लागेल म्हणाली. लिही बाई. तुझे मार्क जायला नकोत.

राहता राहिला तो पोरगा. तो कोण होता ते आम्हाला माहीत नाही. जगला, वाचला, पुढारी झाला की कुठे साध्या शेतात राबला, काही नाही. आजीला त्याचे नाव माहीत असणार असे मामांना नेहमी वाटायचे. १९८१ मध्ये त्या फॉर्मसाठी साक्षीदार हवा म्हणून त्यांनी तिला परोपरीने विचारले, तेव्हाही ती म्हणाली, ठाव न्हाय. आई मात्र सांगायची की आजी त्याला अकरा दिवस एका नावाने हाक मारत होती, पण खरे नाव ते नसावे. आजोबांच्या सदऱ्याला डाव्या खांद्यावर ठिगळ होते आणि पायाची जखम उजव्या पोटरीला, घोट्याच्या वर, एवढ्या खुणा आईने सांगितल्या आहेत. कुंडल, पलूस, तासगावकडच्या कुणाच्या घरात आजोबा-पणजोबांची अशी काही गोष्ट असेल, बाळंतिणीच्या बाजेखाली लपलो होतो अशी, तर मला जरूर कळवा.